बोटीच्या डेकला मेण, तेल की रंग? पायाखालच्या पृष्ठभागाचं संरक्षण कसं निवडावं

बोट घासून-पुसून, मेण लावून तयार झाली की तिच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. बाहेरची बाजू, म्हणजे हल, काचेसारखी गुळगुळीत झाली तर उत्तमच. घाण तिथे चिकटत नाही. पण त्याच डब्यातलं मेण त्याच फडक्याने डेकवर फिरवलं, तर पहिल्या लाटेचे शिंतोडे उडाले की तो डेक ओल्या साबणाच्या वडीसारखा होतो.

मी हे केलेलं आहे. बोटींच्या कामात नवा होतो. हल चमकवून झाल्यावर डब्याच्या तळाशी मेण उरलं होतं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून पुढच्या डेकला लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी दोर घेऊन नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, निघालेला माझा सोबती दोन पावलांत आडवा झाला. कठडा होता म्हणून पाण्यात गेला नाही, पण मनगट मोडलं. तेव्हापासून डेकवर काहीही लावायचं म्हटलं की मी चमकेचा विचार शेवटी करतो. आधी बघतो की इथे पाऊल पडतं का. खालचा पृष्ठभाग कशाचा आहे, ऊन किती लागतं आणि पुन्हा पुन्हा हे काम करायला वेळ आहे का, हे प्रश्न त्यानंतरचे.

आधी डेकची विभागणी

एक खडू घ्या आणि डेकवर फिरा. ज्या ज्या जागी पाऊल पडतं तिथे खूण करा. बाजूच्या वाटा, नाळेचा भाग, कॉकपिटचं (बोट चालवताना बसायच्या खोलगट जागेचं) तळ, पायऱ्या या तर उघडच आहेत. पण हॅचच्या, म्हणजे डेकमधून खाली उघडणाऱ्या तोंडांच्या, झाकणांवर सगळे पाय देतात आणि त्यांचा विचार कुणी करत नाही. केबिनच्या छपराची तिरकी कडही अशीच. बोट उभी असताना तिथे कुणी चढत नाही, पण बोट एका अंगाला कलली की नेमकी तीच पाय टेकवायची जागा होते. रात्री, पावसात, घाईत माणूस कुठे पाय ठेवील याचा अंदाज घेऊन खुणा करा. शंका असेल ती जागा चालण्याची समजा.

खडूच्या आतल्या भागात कुठलंही चमकदार मेण, सिलिकोन असलेलं पॉलिश किंवा गुळगुळीत व्हार्निश लावायचं नाही. खडूच्या बाहेर, म्हणजे केबिनच्या उभ्या भिंती, कॉकपिटच्या बाजू, खिडक्यांभोवतीच्या कडा, इथे मेणाला मोकळीक आहे.

पाणी मुरतंय का, हे आधी बघा

वरून काय लावायचं हे ठरवण्याआधी डेक आतून धड आहे का ते तपासावं लागतं. अनेक फायबरच्या (फायबरग्लासच्या) बोटींचा डेक सँडविचसारखा असतो: वर-खाली फायबरचे थर आणि मध्ये बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फोम. कठड्याचे खांब, क्लीट (दोर बांधायची खुंटी), विंच (दोर ओढायचा रहाट) बसवताना पाडलेल्या भोकांतून पाणी आत शिरलं की मधलं लाकूड कुजायला लागतं. वरून काहीच दिसत नाही.

स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने दर चार बोटांवर हलकेच ठोकत जा. चांगल्या जागी टणक, खणखणीत आवाज येतो. पाणी मुरलेल्या किंवा थर सुटलेल्या जागी तो बोदा येतो, पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा. असा आवाज आला तर मेण आणि रंग बाजूला ठेवा, आधी ती दुरुस्ती. ज्या फिटिंगच्या बुडाशी तपकिरी ओघळ दिसतात ती काढून, जुनं सीलंट (फटी बुजवणारा चिकट लगदा) खरवडून, नवं सीलंट भरून परत बसवा. लाकूड आणि धातूसाठी पॉलिसल्फाइड सीलंट चांगलं, पण ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या खिडक्यांना ते लावू नये, प्लॅस्टिक खराब होतं. सिलिकोन सीलंट डेकवर शक्यतो टाळतो, कारण त्याचा अंश मागे राहतो आणि त्या जागी पुढे रंग धरत नाही.

डेक कशाचा आहे, ते ओळखा

जेलकोट म्हणजे फायबरच्या वरचा रंगीत रेझिनचा थर. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. कुठे टवका उडाला असेल तिथे बघा: एकाच रंगाचा जाडसर थर आणि त्याखाली थेट फायबर दिसलं तर जेलकोट. पातळ पापुद्रा आणि त्याखाली वेगळाच रंग दिसला तर डेक कधीतरी रंगवलेला आहे. मग एखाद्या झाकलेल्या कोपऱ्यात थिनरचं फडकं अर्धा मिनिट दाबून धरा. रंग मऊ पडून फडक्याला आला तर तो साधा, एका डब्याचा रंग. काहीच झालं नाही तर तो बहुधा दोन घटक मिसळून लावायचा पॉलियुरेथेन. हा फरक पुढे फार उपयोगी पडतो. लाकूड, कृत्रिम सागवान, फोमची मॅट, ॲल्युमिनियम हे ओळखायला वेगळी युक्ती लागत नाही.

धुणं आणि डाग

कुठलंही संरक्षण घाणीवर लावलं तर घाणच टिकते. आधी भरपूर गोड्या पाण्याने मीठ काढा. कोरड्या मिठावर ब्रश फिरवला तर ते बारीक वाळूसारखं घासतं. मग सौम्य साबण आणि मध्यम मऊ ब्रश. खडबडीत भागात ब्रश गोलाकार फिरवावा, म्हणजे केस खाचांत शिरतात.

गंजाच्या डागांवर ऑक्झॅलिक ॲसिड असलेला क्लीनर चालतो. हातमोजे आणि चष्मा घाला, दहा-पंधरा मिनिटांनी नीट धुऊन काढा, वाटल्यास शेवटचा हात खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा द्या. ॲल्युमिनियमच्या डेकवर हे वापरू नका. काळ्या बुरशीवर अगदी पातळ केलेलं ब्लीच थोडा वेळ चालतं, पण ब्लीच कुठल्याही ॲसिडमध्ये किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो, आणि कॉकपिट किंवा केबिनसारख्या कोंडलेल्या जागी तो जीवावर बेततो. एक वापरून झालं की पूर्ण धुवा, मगच दुसरं.

हे सगळं जमेल तर बोट किनाऱ्यावर चढवलेली असताना, धुवण गोळा करता येईल अशा जागी करा. डेकवरून वाहिलेलं सगळं शेवटी पाण्यातल्या जिवांच्या तोंडी जातं.

जेलकोटचा गुळगुळीत भाग: कंपाउंड, पॉलिश, मेण

या तिघांना लोक सरसकट पॉलिश म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो. कंपाउंड कापतं, म्हणजे उन्हाने मेलेला वरचा थर काढून टाकतं. पॉलिश त्या कापण्याच्या रेषा बारीक करत चमक आणतं. मेण काहीच कापत नाही, फक्त वर बसून राहतं. मेलेल्या जेलकोटवर थेट मेण लावलं तर चार दिवस बरं दिसतं आणि मग परत पांढुरकं होतं.

काळं सुती कापड घेऊन धुतलेल्या, कोरड्या जागी दोनदा दाबून घासा. कापड स्वच्छ राहिलं तर फक्त मेण पुरे. थोडी पांढरी भुकटी आली तर पॉलिश आणि मेण. खडूसारखा पट्टा उमटला तर कंपाउंडपासून सुरुवात. अगदीच खराब असेल तर त्याआधी पाण्याचा पॉलिश पेपर, १००० पासून १५०० आणि मग २०००. त्याहून खरखरीत पेपर हाती घेण्याआधी तो अर्धा मिलिमीटर आठवा. काढलेला जेलकोट परत येत नाही.

एका वेळी दोन फूट बाय दोन फुटांचाच तुकडा घ्या. मशीन वापरत असाल तर वेग कमी ठेवा, पॅड सतत हलतं ठेवा आणि उंचावलेल्या कडा-कोपऱ्यांवर मास्किंग टेप लावून ते हाताने करा. जेलकोट सगळ्यात आधी भाजतो आणि संपतो तो याच कडांवर, कारण साच्यात तिथेच तो पातळ बसलेला असतो. शेजारचा खडबडीत भागही टेपने झाका. कंपाउंड त्या खाचांत जाऊन वाळलं की ते काढायला दुप्पट वेळ लागतो.

आता मेण कुठलं? कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. कोरड्या, रणरणत्या हवेत पानातलं पाणी उडू नये म्हणून ते झाड स्वतःच हा थर तयार करतं. ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळतं. भर उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग किती तापतो हे अनवाणी चाललेल्या माणसाला सांगायला नको, म्हणून मधमाशांचं मेण बोटीवर एकटं टिकत नाही आणि कार्नोबा टिकतं. शुद्ध कार्नोबा मात्र इतकं कडक असतं की ते हाताने पसरवताच येत नाही. डब्यात त्यात द्रावक, तेलं आणि दुसरी मेणं मिसळलेली असतात. डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव छापलंय म्हणजे आत सगळं तेच आहे, असं समजू नका.

कार्नोबाची चमक सुंदर, पण कडक उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात ती दोन-तीन महिन्यांत ओसरते. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट (हे फटींत भरायचे नव्हेत, मेणासारखे वरून लावायचे) थोडे कोरडे दिसतात आणि त्याहून जास्त टिकतात, निम्मं वर्ष धरा. सिरॅमिक म्हणून विकले जाणारे लेप सगळ्यात जास्त टिकतात, पण त्यांच्याखाली जे असेल ते तसंच कोंडलं जातं, ओरखड्यांसकट. शिवाय पुढे डेक रंगवायचा असेल तर ते काढणं जिकिरीचं. वर्षातून दोनदा बोटीला वेळ देणाऱ्याला मी पॉलिमर सुचवतो. ज्याला हे काम करण्यातच आनंद आहे त्याने कार्नोबा घ्यावं. आणि पुढच्या दोन वर्षांत रंगकाम होणार असेल तर सिलिकोन असलेलं काहीच घेऊ नये, कारण नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

लावताना पृष्ठभाग सावलीत आणि तळहाताला गार लागेल असा हवा. थर इतका पातळ की लावलाय की नाही अशी शंका यावी. पांढुरका धुरकटपणा आला की बोटाने एक रेघ ओढा: रेघ स्वच्छ उमटली तर पुसायला घ्या, चिकट ओरखडा आला तर थांबा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. जाड एकाच थरापेक्षा पातळ दोन थर जास्त टिकतात, कारण पहिल्यात राहून गेलेल्या जागा दुसऱ्यात भरल्या जातात.

खडबडीत जेलकोट

साच्यातच ठसवलेली नक्षी, म्हणजे नॉन-स्किड, ही चालण्याची जागा. इथे पेस्टचं मेण दोन प्रकारे घात करतं. उंचवट्यांवर निसरडा थर बसतो आणि खाचांत गेलेलं मेण वाळून पांढरं होतं, ते फडक्याने निघत नाही. असं झालंच असेल तर मिनरल टर्पेंटाइन थोडं थोडं ओतून नायलॉनच्या ब्रशने घासा आणि लगेच साबणाने धुवा.

पण ही नक्षी उघडी ठेवली तर तिची छिद्रं चहाच्या डागापासून माशाच्या रक्तापर्यंत सगळं शोषून घेतात. त्यासाठी नॉन-स्किड डेकसाठीच बनवलेले पातळ, द्रवरूप पॉलिमर मिळतात. डब्यावर ‘चालण्याच्या पृष्ठभागासाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. स्वच्छ, कोरड्या डेकवर मऊ ब्रशने चोळून खाचांत घालायचं, सांगितलेला वेळ थांबायचं, मग उरलेलं टॉवेलने टिपून घ्यायचं. टिपणं महत्त्वाचं. साचलेला द्रव वाळला की तिथे चकचकीत डाग उरतो आणि तोच पाय घसरवतो. या वर्गातलं काही मिळालं नाही तर काहीच लावू नका. नियमित धुतलेला, उघडा नॉन-स्किड हा चुकीचं मेण लावलेल्या डेकपेक्षा कितीतरी सुरक्षित.

नक्षीच झिजून सपाट झाली असेल, बोटाने उंचवटे जाणवत नसतील, तर तिथे मेणाचा विषय संपला. तो डेक आता रंगवायचा.

डेक रंगवायचा झाला तर

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच तासात होते. लोक आधी पॉलिश पेपर मारतात आणि मग थिनरने पुसतात. जुनं मेण वर असताना घासलं की ते ओरखड्यांत दाबलं जातं आणि मग कितीही पुसलं तरी निघत नाही. क्रम उलटा हवा. आधी मेण काढायचं, दोन फडक्यांनी: एक द्रावकात भिजवलेलं, त्याच्या मागोमाग दुसरं कोरडं, द्रावक उडून जायच्या आत मेण उचलून घेणारं. फडकी सारखी बदला, नाहीतर मेण फक्त इकडचं तिकडे होतं. मग पाणी शिंपडा. पाण्याची सलग चादर पसरली तर मेण गेलं. थेंब सुटे सुटे जमले तर पुन्हा. त्यानंतर पॉलिश पेपर, साधारण १८० ते २२०, खाचांसाठी खरखरीत नायलॉन पॅड, भेगा आणि टवके इपॉक्सी लांबीने भरणं, मग प्रायमर, मग रंग.

एका डब्याचा रंग सोपा, स्वस्तात पडणारा, ओरखडा आला तर तेवढाच परत लावता येणारा. दोन घटकांचा पॉलियुरेथेन कडक होतो आणि अनेक वर्षं रंग व चमक धरून ठेवतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं. रोलर-ब्रशने लावतानाही मोकळी हवा, हातमोजे आणि रसायनांच्या वाफांसाठीचा योग्य मास्क लागतो. फवारणीचं काम मात्र त्याची पूर्ण साधनं असलेल्या कारागिरावरच सोपवावं.

हवामान बघा. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. पाण्याकाठी संध्याकाळी दव लवकर पडतं आणि अर्धवट वाळलेल्या रंगाची चमक मारून टाकतं, म्हणून शेवटचा हात दुपार कलायच्या आत संपवा.

पकड आणायची ती अशी. जिथे खडबडीत हवं तिथे टेपने चौकटी आखा आणि त्यांचे कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपरा आधी सुटतो. चौकटींच्या मध्ये आणि प्रत्येक फिटिंगभोवती दोन-तीन सेंटिमीटरची गुळगुळीत पट्टी सोडा, तिथून पाणी वाहतं. चौकटीत रंगाचा भरपूर हात द्या आणि तो ओला असतानाच बारीक भोकांच्या डब्यातून खर भुरभुरवा: यासाठीची वाळू किंवा पॉलिमरचे दाणे. हात उंच धरा, हातभर तरी. जवळून टाकलं तर ढीग पडतात. रंग दिसेनासा होईपर्यंत टाकत राहा. पूर्ण वाळलं की सुटे दाणे झाडून गोळा करा आणि वरून रंगाचे एक-दोन पातळ हात द्या, म्हणजे दाणे बांधले जातात. रंगातच दाणे कालवून लावायची पद्धतही आहे, पण दाणे डब्याच्या तळाशी बसतात आणि पकड कुठे जास्त, कुठे कमी येते. मला ती पटत नाही. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत काढा.

दाणा किती जाड? गुडघे टेकून काम करणाऱ्याला विचारा. फार जाड दाणा गुडघे सोलतो, दोर आणि कपडे खातो. फार बारीक दाणा दोन हातांखाली बुजून जातो. एका फळीच्या तुकड्यावर नमुना करून ओल्या पायाने बघितलेलं बरं. रंग फिका घ्या, पण शुभ्र पांढरा नको, उन्हात डोळे दिपतात. फिकट करडा किंवा सायीचा रंग चांगला.

रंगवलेल्या पॉलियुरेथेनवर नंतर कंपाउंड फिरवू नका. त्याची चमक वरच्या पातळ रेझिनच्या थरात असते. तो एकदा कापला की पुढे लवकर मंदावतो. साबण-पाणी, आणि उभ्या भागांवर घासणारे कण नसलेलं पॉलिमर, एवढं पुरे.

सागवानी डेक

इथे मी थोडा हट्टी आहे. चालायच्या सागवानाला मी काहीही लावत नाही.

सागाच्या अंगात मुळातच तेल आणि सिलिका असते, म्हणून ते पाण्यात टिकतं आणि ओलं असतानाही पायाला धरतं. उन्हाने ते रुपेरी करडं होतं. तो रंग म्हणजे कुजणं नव्हे. अगदी वरच्या पातळ थरावर झालेला उन्हाचा परिणाम आहे तो, खालचं लाकूड जसंच्या तसं असतं. सोनेरी रंगाच्या मोहापायी दर हंगामाला ॲसिड आणि अल्कलीचे दोन डब्यांचे क्लीनर मारून डेक घासले जातात. ही रसायनं वार्षिक वलयांमधलं मऊ लाकूड खातात. मग कठीण रेषा वर उरतात, मध्ये चर पडतात, चरांत घाण बसते, ती काढायला परत घासावं लागतं, आणि डेक वर्षागणिक पातळ होतो.

किती पातळ झालाय ते बोटाने कळतं. फळ्यांमधल्या काळ्या सीलंटच्या रेघेवरून आडवं बोट फिरवा. रेघ लाकडाच्या पातळीला किंवा जराशी खाली असेल तर ठीक. ती वर उठून बोटाला अडत असेल तर तेवढं लाकूड गेलेलं आहे. स्क्रूवरचे लाकडी बुच सैल होऊन निघत असतील तर घासायला आता लाकूड उरलेलं नाही.

सांभाळायची रीत सोपी. आठवड्यातून एकदा संध्याकाळी बादलीभर समुद्राचं पाणी, मऊ ब्रश किंवा स्पंज, आणि घासायचं ते रेषांना आडवं. रेषांच्या दिशेने घासलं की ब्रश मऊ भाग उकरतो. हाय-प्रेशरचं मशीन सागवानाजवळही आणू नका. खारं पाणीच का? मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, फळ्या आकसत नाहीत, सीलंटच्या कडा सुटत नाहीत, आणि शेवाळ-बुरशीला मीठ मानवत नाही. तेलाचा डाग पडला तर तेवढ्यावर थोडा साबण.

रंग हवाच असेल तर तेलापेक्षा सागाचा सीलर, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ लेप, बरा. ‘टीक ऑइल’ नावाने मिळणारं तेल सागातून निघत नाही, ते बहुतेक वेळा जवसाच्या किंवा टंगच्या तेलात द्रावक आणि रेझिन मिसळून केलेलं असतं. लावलं की डेक नवरीसारखा उजळतो, काही आठवड्यांत काळपट होतो, धूळ धरतो, आणि जवसाच्या तेलावर बुरशी पोसली जाते. सीलर लावायचा तर डेक सौम्य क्लीनरने स्वच्छ करून दोन दिवस कडक वाळवा, ॲसिटोनच्या फडक्याने वरचं तेल पुसा, सीलरचा पातळ हात द्या आणि पंधरा मिनिटांनी जे मुरलं नाही ते पुसून काढा. सीलर मुरला पाहिजे. वर थर साचला की निसरडं झालंच.

व्हार्निश फक्त खडूच्या बाहेर: कठड्याची पट्टी, दारांच्या चौकटी, खिडक्यांच्या कडा. घासून, ॲसिटोनने पुसून, पहिला हात निम्मं थिनर घालून द्या, म्हणजे तो लाकडात उतरतो. पुढचे हात हळूहळू दाट, प्रत्येकाच्या आधी २२० ते ३२० चा हलका पेपर आणि धूळ टिपणं. सहा ते आठ हात झाल्याशिवाय उन्हाला पुरत नाही. नंतर दरवर्षी, कुठे पापुद्रा सुटायच्या आत, हलकं घासून दोन हात द्यायचे. एकदा पाणी खाली शिरून काळं पडलं की सगळं खरवडून पहिल्यापासून.

मेणाचा तर सागवानी डेकवर काहीच उपयोग नाही. पाय घसरतो आणि पुढे सीलंट किंवा सीलर धरत नाही.

बाकीचे पृष्ठभाग

पीव्हीसीच्या कृत्रिम सागवानाला साबण-पाणी आणि ब्रश. फारच मळलं तर सांगितलेल्या नंबरचा पेपर हलका फिरवतात. ॲसिटोन, थिनर नको. ईव्हीए फोमच्या मॅटलाही तसंच. सनस्क्रीनचे डाग पडले तर त्याच दिवशी धुवा, जिरले की निघत नाहीत. उघड्या ॲल्युमिनियमला तीव्र ॲसिड आणि तीव्र अल्कली दोन्ही वर्ज्य. त्याच्या उभ्या भागांना मेण चालतं, चालायच्या भागांना चिकट पकडपट्ट्या किंवा ॲल्युमिनियमच्या प्रायमरवर खरीचा रंग.

ओल्या पायाची परीक्षा

काहीही निवडलंत तरी आधी फूटभर चौरसावर लावा, पूर्ण वाळू द्या. मग त्यावर पाणी ओता, एका हाताने कठडा घट्ट धरा आणि अनवाणी पायाने सगळं वजन टाकून पाय वळवा. हेच बोटीवरच्या बुटांनी करा. मग पाण्यात थेंबभर साबण टाकून परत, कारण खरा डेक नुसत्या पाण्याने ओला नसतो, त्यावर मासळीचा चिकटपणा असतो, इंजिनाचं तेल असतं. शेजारच्या उघड्या जागेपेक्षा पाय जरासा जरी सरकला तरी ते उत्पादन डेकसाठी नाही. हल चमकवायला ठेवा.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि चुरगळलेल्या फडक्यांच्या ढिगात ती कोंडून आग आपोआप लागते. फडकी उघड्यावर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. केबिनचं दार बंद करून घरी निघण्याआधी त्यांची मोजणी करा: जितकी घेतली होती तितकी बाहेर आली पाहिजेत.